खिडकीकडचं टेबल

रुखमाबाईने दुकानातलं एकुलतं एक स्टूल ओढलं, त्यावर ऐसपैस बसली आणि संघप्रियाच्या हातांवर डोळे रोखले.

"तू तुहं काम कर पोरी. मी पाहत बसते."

"मोबाईल पाण्यात पडला का?"

"धानाच्या बांधीत पडला ना माय, रोवणा चालू होता. मग पेपरात लिवलं होतं तसं केलं. ओला फोन तांदळात ठेवा म्हणे. आता तांदूळ कुठी काढत बसू? धानाच्या ढोलीत खुपसला. तीन दिवस!"

संघप्रियाने मागचं झाकण उघडलं. आतून धानाचा बारीक कोंडा भुरभुरत टेबलावर पडला. तिने तो मऊ ब्रशने कागदावर गोळा केला आणि शेल्फवरच्या काचेच्या बाटलीत ओतला. बाटली अर्धी भरत आली होती.

"हा सातवा," ती म्हणाली.

त्याच वेळी एक तरुण पावसातून आत आला. ऑगस्टची झड लागून चार दिवस झाले होते. वैनगंगेचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि वडशाला आलेला माणूस वडशातच अडकला होता. हा त्यातलाच दिसत होता. केसांपासून चपलांपर्यंत भिजलेला. त्याने शर्टाच्या खिशातून बोटाएवढा व्हॉइस रेकॉर्डर काढून काउंटरवर ठेवला.

"यात पाणी गेलंय. होईल का?"

"भाऊ, नजर हटवू नका बरं," रुखमाबाईने त्याला लगेच सावध केलं. "पेपरवाला म्हणते, गावातले दुकानवाले चांगले पार्ट काढून घेतात." मग संघप्रियाकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "तुले नाई म्हणत मी. पेपरात हाय म्हणून म्हणते."

काउंटरच्या काचेखाली संघप्रियाने पेपरातलं ते कात्रण स्वतःच चिकटवलं होतं. चंद्रपूरच्या एका दैनिकात दर गुरुवारी 'खिशातली यंत्रं' नावाचं सदर यायचं. लिहिणारा स्वतःला 'यंत्रमित्र' म्हणवायचा. मोबाईल, गाण्यांचे प्लेअर, कॅमेरे, तळहातावर मावणारे संगणक... काय घ्यावं, काय घेऊ नये, यावर त्याचं ठाम मत असायचं. तांदळाचा सल्ला त्याचाच, आणि दुकानांवरचं ते वाक्यही त्याचंच. कात्रणाखाली संघप्रियाने लाल शाईत लिहिलं होतं — 'आधी हे वाचा. मग वस्तू द्या. काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल.'

तो तरुण ते वाचत होता. वाचतच राहिला. त्याच्या केसांतून एक थेंब काचेवर पडला; त्याने तो बोटाने पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"वाचता का तुमी हे सदर?" तिने विचारलं.

"कधीकधी..."

"कसं वाटते?"

"भाषा... बरी आहे."

"भाषा चांगलीच हाय. पण त्या माणसाने जन्मात स्क्रू फिरवला नाई. नाव सांगा, चिठ्ठी बनवते."

"अश्वजित."

"काम?"

"लिहिण्याचं. चंद्रपुरात."

कुठल्या तरी ऑफिसात बाबू असणार, असं तिने धरलं.

दुकानाच्या पाटीवर 'देवराव रामटेके, घड्याळ-रेडिओ दुरुस्ती' असं होतं. त्याखाली 'मोबाईल' हा शब्द आयटीआय करून आलेल्या लेकीने जोडला होता. देवरावांचं टेबल तीस वर्षं खिडकीला लागून होतं. घड्याळाचं काम खिडकीच्या उजेडात जसं होतं तसं दिव्याखाली होत नाही. पण जूनमध्ये दुकानांवरचं ते वाक्य छापून आलं आणि जुनी गिऱ्हाइकंही त्यांच्या पाठीमागून वाकून बघायला लागली. मग एका सकाळी देवरावांनी काही न बोलता टेबल फिरवलं. आता त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं. सगळ्यांना हात दिसत होते. उजेड पाठीवर पडायचा आणि त्यांचीच सावली घड्याळावर.

संघप्रियाला त्या यंत्रमित्राकडून एकच गोष्ट हवी होती. बाबांचं टेबल परत खिडकीकडे जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी अश्वजित परत आला.

"वाळला का, बघायला आलो."

"लाईट राहील तेवढंच वाळते," तिने बिस्किटाचा पत्र्याचा डबा दाखवला. झाकणाला भोक पाडून त्यात साठचा बल्ब सोडला होता आणि खाली जाळीवर त्याचा रेकॉर्डर उघडा पडला होता. "हे माह्यं मशीन. धान लागत नाई, तांदूळ लागत नाई."

"हे तुम्ही शोधलं?"

"मंग काय कंपनीने पाठवलं?"

तो हसला. हसताना मान खाली घालायची त्याला सवय होती. तिने ती पाहिली, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

रस्ता बंद होता, पाऊस थांबत नव्हता, म्हणून तो स्टुलावर बसून राहिला. ती एका प्लेअरची तुटलेली बारीक तार जोडत होती. न सांगता त्याने टेबललॅम्प उचलला आणि अशा कोनात धरला की तिच्या हाताची सावली कामावर पडणार नाही. हात जरा सरकला की दिवाही सरकायचा. बाबांशिवाय हे कोणाला जमलं नव्हतं.

"चांगलं यंत्र कोणतं, तुमच्या मते?" त्याने विचारलं.

"ज्याले स्क्रू असते ते."

"एवढंच?"

"एवढंच. ज्याने स्क्रू दिला त्याले वाटते का कोणी तरी उघडन, पाहन, दुरुस्त करन. ज्याने डिंकाने चिकटवलं त्याले वाटते, बिघडलं का फेका."

अश्वजितने पिशवीतून तळहाताएवढा संगणक काढला. काचेच्या पडद्यावर काडीने लिहायचा. "मग याचं सांगा."

तिने तो उलटसुलट केला. "स्क्रू चार. बरं हाय. पण उनात दिसते का?"

"झडीत ऊन कुठून आणू?"

"थांबा." तिने लॅम्पचं तोंड काचेवर फिरवलं. पडद्यावरची अक्षरं पुसल्यासारखी गेली. "बांधावर उभं राहून काय वाचान? तुमाले कोणी सांगितलं हे चांगलं हाय म्हणून?"

"एकाने लिहिलं होतं... पडदा उत्तम म्हणून."

"त्यानं पंख्याखाली बसून पाह्यलं असंल."

"हो," अश्वजित म्हणाला. "पंख्याखालीच."

तो एवढ्या मनापासून का हसतोय, ते तिला कळलं नाही. पण ते हसू दुकानात राहिलं... तो गेल्यावरही. संध्याकाळी तिने डबा उघडून पाहिला. रेकॉर्डर ठणठणीत कोरडा होता. तिने तो हातात घेतला, क्षणभर धरला, आणि परत जाळीवर ठेवून झाकण लावलं. अजून एक दिवस राहू द्यावा, असं तिने स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तो चहा घेऊन आला. किटलीत तीन कप. देवरावांचा बिनसाखरेचा, हे त्याने कधी हेरलं कोण जाणे. त्या दिवशी त्याने बाटलीबद्दल विचारलं, आणि तिने सगळं सांगितलं. सात यंत्रं, आतला कोंडा, बाबांचं टेबल.

"माह्या बाबांनी अर्ध्या वडशाची घड्याळं चालवली. लग्नातली, पोरं मॅट्रिक झाल्यावर भेटलेली. एक काटा कोणाचा ठेवून घेतला नाई. अन् एक माणूस चंद्रपुरात बसून दोन ओळी लिवते..." तिचा आवाज कापला नाही. तिने तो कापू दिला नाही. "तो भेटला ना, तर म्हणीन, जिथं छापलं तिथंच छाप. तेवढ्याच अक्षरात. चुकलं म्हणून."

अश्वजितने कप खाली ठेवला. त्याची नजर काचेखालच्या कात्रणावर गेली.

"उद्या या," ती म्हणाली. "उद्या देतेच."

तो गेल्यावर तिने रेकॉर्डर जोडला, नवा सेल घातला. चालतो की नाही ते बघायला बटण दाबलं. आधी नुसती खरखर, मग आवाज आला. ओळखीचा.

"नमस्कार, वाचकहो. 'खिशातली यंत्रं', गुरुवारसाठी. तळहातावरचे संगणक आता आपल्याकडेही मिळू लागले आहेत. पडदा उत्तम..."

देवरावांनी घड्याळावरून मान वर केली. तिने बटण बंद केलं. मग उरलेलं काम घेऊन बसली. हाताची सावली सारखी कामावर पडत होती. लॅम्प तिने तीनदा सरकवला, तरी पडतच होती.

सकाळी तो आला तेव्हा पाऊस थांबला होता. तिने रेकॉर्डर काउंटरवर ठेवला, त्या कात्रणाच्या बरोबर वर, आणि बटण दाबलं.

त्याने पहिलं वाक्य ऐकलं. पुढचं ऐकायची गरज नव्हती.

"काल सांगणार होतो."

"परवा काऊन नाई? पहिल्याच दिवशी काऊन नाई?"

"पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी... तुमच्याकडे परत यायला मिळणार नाही असं वाटलं."

"ते वाक्य कशावरून लिवलं? किती दुकानं पाह्यली?"

त्याने हात पुढे करून रेकॉर्डर बंद केला. "एकही नाही. एका माणसाने सांगितलं होतं. एकाच."

"एका माणसावरून तीस वर्षं पुसली तुमी." तिने कागदाची पुडी पुढे सरकवली. "यात तुमचा जुना सेल हाय. गंजलेली पट्टी हाय. मोजून घ्या. आमी काही ठेवून घेत नाई."

त्याने पुडी घेतली. देवरावांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"काका, मी तो यंत्रमित्र."

"काल ऐकलं मी," देवराव भिंग न काढता म्हणाले. "आवाज चांगला हाय तुमचा."

एवढंच. अश्वजित मान खाली घालून बाहेर पडला, पण या वेळी हसत नव्हता.

पुढच्या मंगळवारी दुपारी तो दारात उभा होता. हातात दोन कागद.

"गुरुवारचा मजकूर आहे. छापण्याआधी तुम्ही वाचा. आजवर मी संपादकांशिवाय कोणाला दाखवला नाही."

"मेहेरबानी," ती म्हणाली, पण कागद घेतले. काउंटरवरची पेन्सिल उचलली आणि एकेक शब्द स्क्रूसारखा तपासत वाचायला लागली. कोंड्याचं होतं. पंख्याखालच्या पडद्याचं होतं. 'एकही दुकान न पाहता मी लिहिलं' हेही होतं, सरळ, आडपडदा न ठेवता. एका ठिकाणी पेन्सिल थांबली.

"शंभरचा बल्ब नाई. साठचा. शंभरचा लावला तर प्लास्टिक वाकते. मंग पुन्हा मलेच निस्तरावं लागते."

"साठचा," त्याने दुरुस्त केलं.

"अन् खाली यंत्रमित्र काऊन नाई?"

"ज्याने चूक केली त्याचं नाव हवं ना. अश्वजित खोब्रागडे. संपादक म्हणाले, माफी मागितली की वाचक जातात. मी म्हटलं, जाऊ द्या. जे राहतील ते खरे."

तिने वर पाहिलं. पहिल्यांदाच तो मान खाली न घालता बघत होता.

"अजून एक चूक आहे," तो म्हणाला. "ती छापता येणार नाही. मी पुरामुळे अडकलो, असं तुम्हाला वाटत होतं. रस्ता तिसऱ्या दिवशी सकाळीच सुरू झाला होता."

"मंग गेले काऊन नाई?"

"रेकॉर्डर वाळायचा होता ना..."

"तो तर दुसऱ्या दिवशीच वाळला होता," संघप्रिया म्हणाली... आणि जीभ चावली.

देवरावांना एकदम मोठा खोकला आला. ते "चहाचं पाहतो" म्हणत बाहेर गेले, छत्री न घेता.

गुरुवारी पेपर वडशाला दहाच्या सुमारास यायचा. अश्वजितने तो पहिल्या बसने साडेआठलाच आणला. तीच जागा, तेवढीच अक्षरं. संघप्रियाने जुनं कात्रण काढलं नाही. त्याच्या शेजारी नवं लावलं. लाल शाईची ओळ तशीच ठेवली.

रुखमाबाई अकरा वाजता आली. या वेळी रेडिओ घेऊन. स्टुलाकडे तिने पाहिलंही नाही.

"हे घे पोरी. खरखर करते. सांजेले नेते मी."

"बसत नाई का?"

"कायले? रोवणा पडला हाय माह्या मागं." आणि ती निघूनही गेली. रेडिओ काउंटरवर ठेवून, पाठ फिरवून.

देवराव त्या रेडिओकडे बघत राहिले. मग उठले, डोळ्यावरचं भिंग काढलं आणि टेबलाच्या एका कडेला हात घातला.

"काय हो लेखक, लेखणीच उचलता का आणखी काही?"

अश्वजितने दुसरी कड धरली. टेबल फिरलं, खिडकीला लागलं. झडीनंतरचं स्वच्छ ऊन देवरावांच्या हातांवर पडलं. ते रस्त्याकडे पाठ करून बसले. ताठ, तीस वर्षं बसायचे तसे. संघप्रियाला त्या पाठीकडे बघून जे वाटलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. फक्त पदराने काउंटरची काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

"ती कोंड्याची बाटली मला द्याल?" अश्वजितने हळूच विचारलं. "लिहायच्या टेबलावर ठेवीन. आठवण म्हणून."

"नाई."

"का?"

"ते इथीच राहीन. आठवण पाहिजे असंल तर इथी येऊन पाहा."

"दर आठवड्याला?"

"मजकूर तर दर आठवड्याला असते ना तुमचा? कोणी तरी तपासला पाहिजे." तिने रुखमाबाईचा रेडिओ पुढे ओढला, पहिला स्क्रू काढला आणि मान वर न करता म्हणाली, "लॅम्प धर."

तिने 'धरा' म्हटलं नव्हतं. त्याने ते ऐकलं, आणि दिवा बरोबर त्या कोनात धरला.