नऊ दिवस बिघडलेला ट्रॅक्टर

ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा, आणि माणूस उंच गवतात उताणा पडलेला!

गाडी तशीच सोडून मी धावले. "अहो... ऐकू येतंय का? अहो!"

"शू..." मेलेला माणूस बोलला. "उडतील ना ती."

त्याच्या सदऱ्यावर, टोपीवर, चक्क नाकावर — मोनार्क फुलपाखरं! भोवती ब्लेझिंग स्टार या रानफुलांचे कमरेएवढे जांभळे तुरे डुलत होते. नेब्रास्कातल्या आमच्या गावाभोवती जिकडेतिकडे मका. नांगर न लागलेली एवढी एकच पट्टी उरली होती.

"जीव गेला असता माझा!"

"मग दोघंही इथेच पडलो असतो. जागा वाईट नाही."

त्याचं नाव एमेट. ट्रॅक्टर बिघडलाय म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तो बिघडलेलाच. तिसऱ्या दिवशी मी भाजलेली कणसं नेली. आम्ही मोनार्क मोजायचो, पण आकडे कधी जुळायचे नाहीत... तो बघायचा माझ्याकडेच.

नवव्या दिवशी मी भावाची हत्यारं घेऊन गेले. "सरक, मी बघते." सहज चावी फिरवली — आणि इंजिन सुरू! मागे गवतात दडलेली रुंद पाती गरगर फिरू लागली. मी थिजलेच.

"तू... हे कापायला आलायस?"

"नऊ दिवसांपूर्वीच कापायचं होतं." त्याने मान खाली घातली. "रोज रस्ते खात्याच्या ऑफिसला खोटं सांगतोय, ल्यूडी. पहिल्या दिवशी फुलपाखरांसाठी. पुढचे आठ दिवस..." त्याचे कान लाल झाले. "उद्या दुसऱ्याला पाठवतायत."

"चल. तुझ्या साहेबांकडे."

तिथे एमेटने सगळं कबूल केलं. मी म्हणाले, "ही फुलपाखरं मेक्सिकोला निघालीत. वाटेत त्यांना खायला दुसरं काही नाही. बी धरेपर्यंत तरी थांबा ना!"

व्हर्नन साहेबांनी कॉफीचा घोट घेतला. "ऑक्टोबरपर्यंत थांबतो. पण हा आता ट्रॅक्टरवर दिसणार नाही. उद्यापासून खडी भरायची!"

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "माझ्यामुळे तुझं..."

"खडी तर खडी. ल्यूडी, तू मला आवडतेस... आणि हे खोटं —"

मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. भर दुपारी, ऑफिसच्या खिडकीसमोर, त्याच्या ओठांवर ओठ टेकवले. त्याची टोपी पडली. आत व्हर्नन साहेबांची कॉफी सांडली.

पण तिघांत सगळ्यात मोठा धक्का मलाच बसला होता.