शीतरेषा

रत्नागिरीच्या ध्रुव संशोधन केंद्रात एक रिवाज होता. बर्फात हरवलेल्यांचा शोध थांबवायचा, तर आदेशावर सही व्हायची ती एकोणिसाव्या शतकातल्या एका तैलचित्रासमोर. चित्रात आर्क्टिकचा बर्फ फोडत एक बचावजहाज समोरून येत होतं. अडकलेल्या खलाशांच्या झोपडीत, त्यांच्या हाडांशेजारी हे चित्र सापडलं होतं; त्यांच्यापैकीच कुणीतरी काढलेलं. खलाशी पहिल्याच हिवाळ्यात मेले आणि उन्हाळ्यात आलेलं जहाज रिकामं परतलं, असा इतिहास. कप्तानाला कुणी दोष दिला नव्हता. सही करणाऱ्याला तेवढाच दिलासा.

आज संचालक डॉ. केळुसकर सही करणार होते. हरवलेल्या तुकडीत इरावतीचा धाकटा भाऊ निनाद होता. चित्राची डागडुजी तिच्याकडेच होती. रंगाचे आतले थर दाखवणाऱ्या थरवाचक यंत्राच्या प्रतिमा घेऊन ती आली, तेव्हा जागरणाने तिचे डोळे चुरचुरत होते.

"मीही थकलोय गं," केळुसकर म्हणाले. "संदेश नाही, उष्णतेची खूण नाही. वैमानिकांना आणखी किती वेळा वादळात ढकलू?"

"सही करा, सर. आधी एवढं बघा. कडाक्याच्या थंडीत तैलरंग आखडतो, त्याला बारीक तडे जातात. उन्हाळ्यात वर नवा रंग चढला की ते खाली गाडले जातात. एका हिवाळ्याची एक शीतरेषा."

"झाडाच्या वलयांसारखं."

"हो. पण वर रंग चढवायला माणूस जिवंत हवा."

"किती रेषा आहेत?"

"जहाजाच्या खाली एक. वर आणखी दोन, आणि त्यांच्यावरही रंग आहे."

केळुसकर हळूच खुर्चीत बसले. "म्हणजे जहाज परतलं तेव्हा ते जिवंत होते? मग त्यांना ते दिसलं कसं नाही?"

"दिसलं ना."

तिने खालच्या थराची प्रतिमा पडद्यावर आणली. जहाज तेच होतं, पण पाठमोरं. ते दूर चाललं होतं. त्याचं तोंड झोपडीकडे फिरवलं होतं ते अगदी वरच्या, शेवटच्या थरात.

इरावतीला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

केळुसकरांनी फोन उचलून विमान पुन्हा पाठवायला सांगितलं.

"सहा वर्षांपूर्वी मी इथेच एक सही केली होती," ते म्हणाले. "त्या पोरांनी किती हिवाळे काढले असतील गं?"