नवल काही नाही

"माणूस मर्त्य आहे, नोंद अमर आहे."

सह्यगिरी वायुवाहिनी निगमाच्या मुख्य दारावर हे वचन काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत कोरलेले होते. निगमाच्या पहिल्या अध्यक्षांनी ते उद्घाटनाच्या दिवशी उच्चारले आणि यथावकाश त्यातला पहिला भाग स्वतः सिद्धही केला. पाटीच्या उजव्या खिळ्यावर पहारेकरी आपला ओला पंचा वाळत घालत असे. त्यामुळे पंचा सुकेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांना "माणूस मर्त्य आहे" एवढेच वाचता येई, आणि कर्मचारी सकाळच्या पाळीला जरा दबकतच आत शिरत.

ऋतुजा दिघावकर मात्र त्या दिवशी आतून बाहेर दबकत आली. निगमाच्या सुरक्षा-नोंदी तिच्या ताब्यात होत्या. कॉरिडॉरमध्ये ती एक क्षण थांबली, कानांवरचा श्रवणसंच काढला आणि थेट प्रसन्न पानट यांच्या खोलीत गेली. पानट म्हणजे या वाहिनीचे व्यवस्थापक.

"सर, वाघेरण्याच्या टप्प्यावर दत्ताराम ठोंबरे गस्त घालतोय."

"चांगलं आहे की."

"तो मेलाय. भाद्रपदात."

पानटांनी चष्मा पुसला. "नोंदीत आहे का तसं?"

"नोंदीत तो गेल्या सोमवारी चाललाय."

वाहिनीच्या शेजारून, जमिनीखाली, केसाएवढी काचेची तार गेली होती. निगमात तिला श्रवणतार म्हणत. वरून कोणी चालले, कोणी कुदळ मारली, नळातून वायू फुसफुसू लागला, तर तो कंप तारेला कळे आणि मुख्यालयात उमटे. गस्तवाल्याने वाहिनीवरून चालावे, बस. वेगळे काही लिहायची गरज नव्हती. त्याचे पाऊल हीच त्याची तपासणी आणि तीच त्याची सही. या नोंदी एरवी यंत्रेच तपासत. पण वाहिनीतला दाब वाढवायचा असेल तर शेवटची गस्त माणसाने स्वतःच्या कानांनी ऐकून सही करायची, असा नियम होता. नव्या शहराला जास्त वायू हवा होता, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता दाब दीडपट व्हायचा होता. वाहिनी वाघेरण्याच्या खालच्या वाडीच्या परसांतून जात होती. तिथे चाळीसेक घरे होती.

म्हणून ऋतुजा ऐकायला बसली होती, आणि तिने ते पाऊल ओळखले. उजवा पाय ठाम, डावा ओढलेला. चढ संपला की थांबणे. दोनदा खोकणे. मग पुन्हा तोच ओढलेला पाय. दत्तारामला पेणच्या स्मशानात निरोप द्यायला ती स्वतः गेली होती. आठ महिने त्या टप्प्यावर दुसरा गस्तवाला नेमला गेला नव्हता. नोंदीत गस्त चालू होती. जागा रिकामी असल्याची नोंद नव्हती, म्हणून ती भरायचा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

"भूत म्हणायचंय का तुम्हाला?" पानट म्हणाले. "भुताला नियमात तरतूद नाही. डॉक्टरांना बोलवा."

डॉ. अन्वर मुकादम यांनी या नोंदींची पद्धत शोधली होती. निवृत्तीनंतरही ते रोज येत, कारण त्यांची खुर्ची घरच्या खुर्चीपेक्षा बरी होती. त्यांनी श्रवणसंच लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकले.

"सुरेख," ते म्हणाले. "खोकलासुद्धा आलाय."

"सर, तो मेलाय."

"तेच म्हणतोय मी. बस जरा. तुला रोजचं वर्तमानपत्र पाठ असतं का? नसतं. पण समज, असतं. मग मी तुला अख्खा पेपर कशाला पाठवू? फक्त जे वेगळं छापून आलंय तेवढंच पाठवेन, बाकीचं तू मनानं भर. याला आपण अपेक्षा-संक्षेपण म्हणतो. शेकडो मैलांचा आवाज साठवायला जागा कुठली? म्हणून दोन्ही टोकांना एकेक यंत्र बसवलं. दोघांनाही त्या टप्प्याच्या सगळ्या सवयी पाठ. तार फक्त नवल पाठवते. नवल नसेल, तर इथलं यंत्र नेहमीचं भरून घेतं."

"आणि दत्ताराम वीस वर्षं दर सोमवारी चालला," ऋतुजा म्हणाली.

"म्हणून तो नेहमीचा झाला."

पानटांना हे फार आवडले. "म्हणजे नोंदीत खोटं काहीच नाही. रिवाजाप्रमाणे आहे. करा सही."

ऋतुजा सहीकडे न बघता मुकादमांकडे बघत होती. "पण सर, तो आला नाही हेही नवलच की. चालायच्या वेळी पाऊल वाजलं नाही, तर ते तारेनं कळवायला हवं होतं."

"हो. जिवंत तारेनं कळवलंच असतं."

खिडकीबाहेर पहारेकरी पंचा झटकत होता.

"म्हणजे तार आधी मेली," ऋतुजा म्हणाली. "मग दत्ताराम. आठ महिने तिकडून काही येतच नाही. पावलं, दाबाचे आकडे, गळतीचा आवाज. सगळं आपलं आपण भरतोय."

"नवल नाही," मुकादम म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दाला दचकले.

पानट दचकणाऱ्यांतले नव्हते. "एवढंच ना? तिथं आपला माणूस आहे. लावा फोन."

वाघेरण्याच्या खिंडीत मोबाइलचा टॉवर पोचत नव्हता, आणि पोचला असता तरी ठिणगीच्या भीतीने झडप-ठाण्यावर मोबाइल न्यायला बंदी होती. तिथे निगमाचा स्वतःचा फोन होता. पानटांनी तो लावून सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"बोला मॅडम, रोहिदास मोकल, वाघेरणे ठाणे. सगळं ठीक हाय."

"प्रेशर?" ऋतुजाने विचारले.

"नेहमीचं."

"वास वगैरे?"

"छ्या. काय नाय."

पानटांनी पेन पुढे केले. रोहिदासचा आवाज असा रांगडा, उन्हात तापलेला, की ऋतुजाला हायसे वाटले. तिने पेन हातात घेतले. टोपण काढले. मग तिला काय वाटले कोण जाणे, ती फोनकडे वाकली.

"रोहिदास, दत्ताराम आला होता का रे?"

"आत्ताच फुडं गेले ना मॅडम. पाय जरा ओढतायत. तंबाखू मागत होते."

पेणच्या स्मशानात तिरडीला पुढून खांदा रोहिदासचा होता. ऋतुजाच्या डोळ्यांसमोर त्याचा तो रडून सुजलेला चेहरा आला, आणि फोनमधला आवाज मात्र विचारत राहिला, "आणि काय मॅडम? ठेवू का?"

मुकादमांनी हात लांब करून फोन बंद केला.

"हा फोन कुठल्या तारेवरून जातो, प्रसन्न?"

"त्याच. दोन तारांचा खर्च कशाला? तुमच्याच पद्धतीनं संक्षेप करून..." पानट थांबले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच नावाला न शोभेसा झाला. मग ते सावरले. "पण पाच वाजता दाब वाढवायचाय. मी वर काय नोंदवू?"

"काही नोंदवू नका," ऋतुजा म्हणाली. तिने टोपण लावून पेन त्यांच्या टेबलावर ठेवले आणि जीपची किल्ली मागितली.

खिंडीच्या अलीकडेच वास आला. वायूला ओळख असावी म्हणून मुद्दाम दिलेला तो कुजक्या अंड्याचा वास. ऋतुजाने जीप तिथेच बंद केली आणि ती व सोबत आलेले मुकादम पायी निघाले. मुकादमांना धाप लागत होती. डोंगराची एक बाजू हातभर खाली सरकलेली दिसत होती. फार नाही, पावसाळ्यात सरकते तेवढीच. तेवढ्याने काचेची तार तुटली असणार. लोखंडी नळ तुटला नव्हता. तो वाकला होता आणि आपल्या वेळेने एका सांध्यात उघडत चालला होता. वाडीतल्या घरांना कुलपे होती. अंगणात तुळशी वाळल्या होत्या. कुठे कोंबडे नव्हते की कुत्रे नव्हते. त्या शांततेत वाटेच्या कडेने एकसारखी बारीक फुसफुस येत होती. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. आपणही वाहिनीवरूनच चालतो आहोत, हे ऋतुजाच्या लक्षात आले. खाली कोणी ऐकत नव्हते.

झडप-ठाण्याच्या दारात रोहिदास उभा होता. खरा रोहिदास वाळला होता, दाढी वाढली होती. त्याने आधी मुकादमांकडे पाहिले आणि मग ऋतुजाकडे, पण तिच्याकडे पाहताना तो एक पाऊल मागे सरला.

"वाडी कुठाय?" तिने विचारले.

"वर पठारावर. दोन महिने झाले. मीच पाठवली."

"आणि कळवलं का नाहीस?"

रोहिदासने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की तिला उत्तर नकोसे झाले.

"रोज कळवतो मॅडम. तुमालाच. वास येतोय म्हटलं, तुमी म्हणालात, नोंद घेतली आहे. पोराबाळांना वर नेतो म्हटलं, नोंद घेतली आहे. झडप बंद करू का विचारलं, तर म्हणालात, वरून आदेश येईपर्यंत काही करू नका. कालपण बोललात. आजपण बोलाल, चारला."

ऋतुजाने मुकादमांकडे वळून पाहिले. ते एका दगडावर बसले होते. "दोन्ही टोकांना एकेक यंत्र," ते हळूच म्हणाले. "इथल्या यंत्राला तू पाठ आहेस."

वीस वर्षांत आपण या फोनवर दुसरे काय बोललो, ते ती आठवू लागली. तिला काही आठवेना. मेलेल्या दत्तारामची पावले ऐकताना ती घाबरली होती. पण तो निदान मेल्यावर भूत झाला होता.

"रोहिदास, झडप बंद कर."

तो हलला नाही.

"ऐकू आलं ना?"

"आलं. पण मॅडम, फोनवर तुमी नको म्हणता आन समोर बंद कर म्हणता. शहराचा वायू हाय हा. उद्या विचारतील, कोणाच्या हुकमानं? मी कोणाचं नाव सांगू?"

"माझं सांग."

"त्यांचंपण तेच नाव हाय."

"अरे, मी समोर उभी आहे."

"त्या रोज बोलतात," रोहिदास समजुतीने म्हणाला. "तुमी आठ महिन्यांनी आलात."

उन्हात वास दाटत होता. मुकादमांनी तोंडाला रुमाल लावला. यंत्राला जे सुचणार नाही असे काहीतरी बोलायला हवे, एवढे ऋतुजाला कळत होते. ती आज्ञा शोधू लागली, नियम शोधू लागली, परिपत्रकाचा क्रमांकही आठवून पाहिला. आणि प्रत्येक वाक्य ओठांवर येताच तिला कळे की हे त्या दुसरीला येते.

"बंद कर," ती शेवटी म्हणाली. "वर कोणाला विचारायचं नाही. जे होईल त्याची जबाबदारी माझी."

रोहिदासने मान वर केली. बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"हे त्या कधी बोलल्या नव्हत्या," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने झडपेच्या चाकाला हात घातला. चाक गंजले होते. मुकादमही उठून लागले. दोघे दात-ओठ खात फिरवत राहिले. चाक बसले आणि बऱ्याच वेळाने वाटेवरचा तो श्वास उथळ होत होत थांबला. शहरात कुठेतरी शेगड्या मंदावू लागल्या असतील. पानटांच्या टेबलावर मात्र सगळे आकडे नेहमीचेच दिसत असणार.

तेवढ्यात फोन वाजला. रोहिदासने सवयीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ऋतुजाने रिसीव्हर उचलला.

"रोहिदास, सगळं ठीक ना?" कोणीतरी बाई विचारत होती. आवाज शांत होता, थोडा थकलेला, मनाने दुसऱ्याच कागदात गुंतलेला. मागे पंख्याची घरघर होती, पेनाच्या टोपणाची टिकटिकही होती.

"झडप बंद केलीय," ऋतुजा म्हणाली. "मी ऋतुजा दिघावकर बोलतेय."

पलीकडे क्षणभर कागद सळसळला.

"बरं. नोंद घेतली आहे," त्या बाई म्हणाल्या.

ऋतुजाने रिसीव्हर खाली ठेवला आणि त्यावरून हात काढायला ती विसरली. मुकादम जमिनीकडे पाहत होते. रोहिदास दोन-तीनदा खाकरला.

"मॅडम, आता खऱ्याच आल्या हात तर एक सांगू का?"

"सांग."

"एक थर्मास मंजूर करा. दोन महिने इथं काडी वढलेली नाय. चहासाठी पठारावर चढावं लागतं."