दोन चाळीसची साखळी

साखळी तीन वाजता काढेन. तोवर सायकली त्या भिंतीला टेकवा, अंजिराखाली बसा आणि हे गार गास्पाचो, टोमॅटोचं सूप, प्या. लसूण जरा जास्त आहे, पण आमच्या काकांची पद्धतच तशी होती.

रागावू नका. गेल्या ऑगस्टपर्यंत या साखळीवर माझ्याइतकं कुणीच चिडत नसेल.

आज सकाळपासून तुम्ही जी वाट चढून आलात, तिच्यावर एक तरी मोटार दिसली? छत्तीस किलोमीटर नुसती गिधाडं, ऑलिव्हची झाडं आणि आपल्याच चाकांचा आवाज. चढ इतका मंद, की सत्तरीची बाईही गप्पा मारत वर येते. कारण ही वाट रेल्वेसाठी आखली होती. डोंगर फोडले ते पहारींनी, सुरुंगांनी, माणसांच्या पाठींनी. पूल झाले, स्टेशनं झाली, समोरचा हा एक किलोमीटरचा बोगदा झाला. मग युद्ध लागलं. रूळ कधी पडलेच नाहीत. या वाटेवरून आजवर एकही आगगाडी गेलेली नाही. एवढं फक्त लक्षात ठेवा.

माझे पणजोबा इथले फाटकवाले. त्यांना गणवेश मिळाला, लाल निशाण मिळालं, छापील वेळापत्रक मिळालं. पहिली गाडी: दुपारी दोन चाळीस. गाडी आली नाही, पण पणजोबा रोज अडीचला साखळी लावत आणि तीनला काढत. मरेपर्यंत. मग आजोबांनी लावली, मग लिआंद्रोकाकांनी. गावात कुणी सांगितल्या वेळेला आलं नाही, की अजून म्हणतात, ‘दोन चाळीसच्या गाडीनं येत असेल.’

मी शिकून परत आले ती या वाटेसाठी. बोगद्यात पन्नास दिवे बसवायला मला दोन वर्षं लागली. खाली काही हललं की दिवा लागतो, अर्ध्या मिनिटात आपोआप विझतो. आणि एवढं सगळं करून आम्ही भर दुपारी माणसांना अडवायचं, तेही न येणाऱ्या गाडीसाठी? मला लाज वाटायची.

त्यात खालच्या दगडखाणीनं हीच वाट ट्रकसाठी मागितली होती. निकाल एका तपासनीस बाईंच्या अहवालावर होता आणि अट साफ होती: सायकलची वाट असेल तर दिवसभर खुली हवी.

त्या बाई, सेन्योरा इरिआर्ते, स्वतः सायकल मारत आल्या. पन्नाशीच्या, घामानं निथळत, पण डोळे चमकत होते. “पोरी, हे स्वर्गातून काढलंत की काय?” म्हणाल्या. माझं काळीज सुपाएवढं झालं. घड्याळात अडीच. आणि काका साखळी घेऊन निघाले!

“ही कशाला?” बाईंनी विचारलं.

“गाडीची वेळ झाली, सेन्योरा.”

“कुठली गाडी?”

“ते मला काय ठाऊक? मी काय तिकीट काढलंय?” काका म्हणाले. “या, बसा. गास्पाचो गार आहे.”

बाईंनी वही उघडली. माझं डोकं भडकलं. “काका, पुरे झाला हा पोरखेळ! ट्रक फिरले म्हणजे त्यांनाही सूप पाजणार का तुम्ही?”

मी साखळी ओढून काढली आणि जमिनीवर टाकली. काका ओरडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, “निएवेस... मधेच थांबू नकोस. सरळ पलीकडे जा.”

आम्ही आत शिरलो. बाहेर उन्हानं दगड तडकत होते, सगळं गाव झोपलेलं, सिकाडा किडे किरकिरत होते. चार पावलांवर ते सगळं तुटलं. थंडगार काळोख, ओल्या दगडाचा वास, कुठेतरी टपटपणारं पाणी. डोक्यावर दिवे लागत गेले, मागचे विझत गेले. बाई एकतिसाव्या दिव्याखाली उतरल्या. त्यांना भिंतीतला कोनाडा दिसला होता.

“हे काय?”

“गाडी आली की कामगारांनी आत सरकायचं, त्यासाठी. दोन्ही बाजूंना आहेत. छिन्नीच्या खुणा पाहा ना... किती निगुतीनं कोरलंय.”

मी थांबायला नको होतं. पण अभिमान मोठा वाईट. मी बोलत राहिले.

“समोरून कुणीतरी येतंय,” बाई म्हणाल्या.

दूर, पार दुसऱ्या टोकाला, पन्नासावा दिवा लागला होता. मग एकोणपन्नासावा. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस... सायकल एवढ्या वेगानं येत नाही. दिव्यांखाली वाट रिकामी होती. आवाज अजिबात नाही. फक्त माझ्या हँडलवरची घंटी आपली आपण थरथरायला लागली. टिण्... टिण्... मग हवा आली. कोंडलेली, पुढे रेटलेली हवा, आणि तिच्यात कोळशाचा आणि तापलेल्या वंगणाचा वास.

“बाजूला!” बाई किंचाळल्या.

माझे पाय हलेनात. चाळीस. अडतीस. पस्तीस. मी डोळे गच्च मिटले.

कुणीतरी माझं कोपर धरलं आणि हिसका देऊन मला कोनाड्यात ओढलं. मी कुणाच्या तरी खांद्याला चिकटले. जाडंभरडं कापड, दगडाची भुकटी, धापा टाकणारी छाती. समोरून ते जात राहिलं... जात राहिलं... किती डबे असतील, कोण जाणे. मी तो हात घट्ट धरून ठेवला होता.

घंटी थांबली. वारा पडला.

“उपकार झाले, सेन्योरा,” मी पुटपुटले.

“निएवेस...?” बाईंचा आवाज समोरच्या भिंतीकडून आला. “कुठे आहेस तू?”

माझ्या हातातला हात सावकाश सुटला.

डोळे उघडले तेव्हा दिवा लख्ख जळत होता. कोनाड्यात मी एकटी. त्यात दोन माणसं मावतच नाहीत. मी नंतर पट्टी लावून पाहिलंय.

आम्ही मागे फिरून बाहेर आलो, तेव्हा काका लाल निशाण गुंडाळून बसले होते. माझ्या बाहीवरची पांढरी भुकटी त्यांनी पाहिली. “कोपराला धरलं?”

मी होकारार्थी मान हलवली.

“बोगदा खणताना दरड कोसळली, तेव्हा सात कामगार आतच गाडले गेले. माझे आजोबा म्हणायचे, गाडी येते ती येतेच. पण आत माणूस असलं की त्या बिचाऱ्यांना धावत यावं लागतं. साखळी त्यांच्यासाठी आहे, पोरी. घटकाभर तरी पडू दे त्यांना.”

कडेला बसून बाई कितीतरी वेळ वहीत लिहीत होत्या. ट्रकवाल्यांना वाट मिळाली नाही. आमच्या मंजुरीच्या कागदावर छापील अटींखाली त्यांच्या अक्षरात एक ओळ आहे: ‘दुपारी अडीच ते तीन साखळी लावणे बंधनकारक.’ कारण लिहिलेलं नाही.

काका या हिवाळ्यात गेले. आता साखळी माझ्याकडे.

एक कोडं मात्र मला अजून सुटलेलं नाही. एकतिसावा दिवा त्या दिवसापासून विझलेला नाही. वायरमननं दोनदा बदलला. म्हणतो, दिवा ठणठणीत आहे, खाली काहीतरी हलत असणार.

झाले तीन. घ्या, काढली साखळी. निघा, पलीकडचा उतार फार देखणा आहे. आत रेंगाळू नका. आणि कुणी कोपराला धरलंच, तर वळून बघत बसू नका. आधी बाजूला व्हा.