होकाराची हवा

चिंचवडच्या उंच इमारतींना खिडक्या होत्या, पण त्या उघडत नसत. बाहेरची हवा छातीत घेणं म्हणजे दुखणं विकत घेणं, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक घराच्या भिंतीवर ‘श्वासपाल’ नावाची पेटी असे. ती बाहेरची हवा गाळून आत घेई आणि आतली शिळी हवा बाहेर टाकी. किती टाकायची, हे तिचं नाक ठरवी. नाक म्हणजे बारीक जाळीमागे बसवलेला संवेदक. माणसांनी हवेची काळजी तेवढी सोडून द्यायची. अशी सोडून देण्याची कामं माणसांना फार आवडतात.

कुमुदिनी शिरोळे यांनी डॉ. इरावती गोडांबे यांना बोलावलं ते मुलीच्या डोकेदुखीसाठी. घरातल्या हवेचा शरीरावर होणारा परिणाम हा इरावतीबाईंच्या संशोधनाचा विषय. ऋजुताचं लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं आणि मुलगी दिवसभर डोकं धरून खोलीत पडून असे.

इरावतीबाईंनी पर्समधून हवा मोजायचा छोटा मीटर काढला. त्यावरचा आकडा बघून त्यांनी मीटर झटकला, पुन्हा बघितला. आकडा तोच. भिंतीवरच्या श्वासपालाचा दिवा मात्र खुशाल हिरवा जळत होता. त्यांनी पेटीचं झाकण उघडलं आणि त्या बघतच राहिल्या. जाळी लालभडक होती.

“हे काय लावलंय?”

“कुंकू,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “खंडेनवमीला पूजा करतो ना आम्ही. गाडीची, मिक्सरची, तशी हिचीही. यंदा तेलात कालवून लावलं. कोरडं कुंकू गळून जातं हो.”

इरावतीबाईंना हसू येणार होतं, पण आलं नाही. “जाळी बुजली. आत त्या दिवशीची ताजी हवा अडकून पडली, आणि पेटी दसऱ्यापासून तीच हुंगत बसलीय. तिला वाटतंय घर स्वच्छ आहे.”

“मग आम्ही काय हुंगत होतो?”

“स्वतःचाच सोडलेला श्वास. कार्बन डायऑक्साइड. आम्ही त्याला जडश्वास म्हणतो. एवढ्या प्रमाणात त्यानं कुणी मरत नाही. माणूस जेवतो, बोलतो, कामंही करतो. पण दोन गोष्टी तोलून बघणं, उलट प्रश्न विचारणं, नाही म्हणणं, याला डोकं जास्त लागतं. ते आधी मंदावतं. मान डोलावणं त्यातल्या त्यात सोपं.”

कुमुदिनीबाईंचा चेहरा उतरला. “ऋजू दोन वर्षं या स्थळाला नको म्हणत होती. तिला लेहच्या वेधशाळेत नोकरी लागली होती. दिवाळीनंतर इथे बैठक झाली, आणि एकदम हो म्हणाली. राजीनामाही पाठवला. आम्हाला वाटलं, देवच पावला.”

“बैठकीला माणसं किती होती?”

“हॉल भरला होता.”

इरावतीबाईंच्या डोळ्यांसमोर ती बैठक उभी राहिली. इतक्या माणसांचे श्वास, बंद हॉल आणि मधोमध बसवलेली ती मुलगी! त्यांनी जाळी घासून पुसली. पेटी घरघरली. कित्येक महिन्यांनी घरात वारं फिरू लागलं.

चहा होईपर्यंत ऋजुता बाहेर आली. खूप झोपून उठल्यासारखी दिसत होती. इरावतीबाईंनी तिला पेटीचं आणि जडश्वासाचं सांगितलं.

“आई, मी राजीनामा का दिला गं?”

“तूच दिलास, बाळा.”

“ते आठवतंय. हो म्हणाले, सगळ्यांच्या पाया पडले, तेही आठवतंय. पण का, ते काही केल्या आठवत नाही.” ती आईसमोर येऊन बसली. “मला हे लग्न नकोय, आई. मला कधीच नको होतं.”

पत्रिका वाटून झाल्या होत्या. पण कुमुदिनीबाईंच्या मनात पत्रिका नव्हत्या. दसऱ्यापासून या घरात भांडण झालं नव्हतं, नवऱ्याचा आवाज चढला नव्हता, मुलगी दार आपटून गेली नव्हती. असं सुख त्यांनी संसारात पहिल्यांदाच बघितलं होतं. ते आता या वाऱ्याबरोबर निघून चाललं होतं.

“डॉक्टर,” त्या सावकाश म्हणाल्या, “पेटी होती तशी करून द्या. लग्न लागेपर्यंत तरी.”

“काय बोलताय तुम्ही!” इरावतीबाई ओरडल्याच. बाईंच्या डोक्यातून जडश्वास अजून उतरला नसेल, अशा आशेनं त्यांनी घाईघाईनं मीटर बघितला. हवा डोंगरमाथ्यावरच्यासारखी निर्मळ होती. पेटीला, हवेला, कशालाच दोष देता येत नव्हता.

ऋजुतानं मीटरवरचा आकडा बघितला, मग आईकडे बघितलं.

“आई, तू हे आत्ता म्हणतेयस? डोकं ठिकाणावर असताना?”

“हो,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “आत्ताच तर नीट कळतंय मला.”