चांदणीची सागुती

वैशाखातल्या पहाटे सोनधार गडाच्या तटावर उजाडले, तेव्हा खालच्या मोगली छावणीतून भाकऱ्यांचा खरपूस वास वर येत होता आणि चार महिन्यांच्या वेढ्याने वाळून गेलेले गडकरी तो मुकाट गिळत होते. पाऊस लागेपर्यंत गड तगला तर वेढा उठणार, हे दोन्हीकडे ठाऊक होते.

त्याच सकाळी मोगलांच्या चाकरीतले मराठे सरदार अंबरराव वेढा घालणाऱ्या खानाकडून गड खाली करण्याचे बोलणे घेऊन आले. किल्लेदार निंबाजी खराडे यांनी त्यांना मानाने पाटावर बसवून सागुती वाढली. ती निंबाजींच्या लाडक्या चांदणी घोडीची होती. तिच्या मानेवर हात फिरवून त्यांनीच तलवार चालवली होती आणि मग ते पोरासारखे रडले होते.

चार घास गेल्यावर अंबररावांनी विचारले, "गडावर शेळीही उरली नाही म्हणतात. मग ही सागुती कशाची?"

"आमचा भिवजी परवा तटावर पडला. मोठा गुणी माणूस! अजून थोडी वाढू?"

अंबररावांचा हात पानावरच थांबला.

"खानसाहेबांस सांगावे," निंबाजी शांतपणे म्हणाले, "तीनशे असामी आहेत. पावसाळाभर पुरतील."

अंबरराव ओकत गड उतरले. असल्या माणसांना उपासमारीची भीती घालण्यात अर्थ नाही, हे खानाने ओळखले आणि पाचव्या दिवशी वेढा उठला.

दरबारातून निंबाजींना सोन्याचे कडे आले. पंगतीचे बोलावणे मात्र कुठूनच आले नाही. अंबररावांनी ती गोष्ट गावोगाव केली होती. "अहो, घोडी होती!" निंबाजी आणभाक करून सांगत, लोक मान डोलवत आणि पाणी लांबून घालत. लेकीची ठरलेली सोयरीक मोडली. गडकऱ्यांची साक्ष कोण मानणार? तेही त्याच पंगतीतले! अखेर भाईबंदांनी तोड काढली : भिवजीच्या आईची खात्री पटवा, तिने मानले तर आम्हीही मानू. भिवजीला निंबाजींनी स्वतः अग्नी दिला होता. आता सुटलो, असे त्यांना वाटले.

ते निघायच्या आतच म्हातारी गोदूबाई फडक्यात भाकरी बांधून आणि गाडग्यात घट्ट डाळ घेऊन त्यांच्या ओसरीवर आली.

"धनी, उडदाचं घुटं आणलंया. भिवाला लई आवडायचं. चार म्हैनं उपाशी व्हता माझा ल्योक. तुमी खावा, म्हंजी त्याला पोचंल." तिने निंबाजींचा दंड चाचपला. "राख झाली असती तर मी कुणाला बघाया आले असते?"

निंबाजींच्या ओठांवर घोडीचे नाव आले होते. दाराआड लेक श्वास रोखून उभी होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले, मग हात धुतले आणि ते पानावर बसले.

म्हातारीही समोर बसून जेवू लागली. वेढा उठल्यापासून निंबाजींसमवेत बाहेरचे कोणी प्रथमच जेवत होते.

"तिखट झालंया का रं?" तिने विचारले.

"नाही, आई," निंबाजी म्हणाले. घोडीचे नाव त्यांनी पुढे कधीच काढले नाही.