सासरचं नाव

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. जयाचे कपडे आणायला मी भर दुपारी जोगेश्वरीला तिच्या नवऱ्याच्या घरी गेले. माझी ही धाकटी बहीण तीन महिने माझ्याकडे घाटकोपरला होती, अंगावरच्या साडीनिशी आलेली.

भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून नंदकुमारने तिचा डावा हात पेटत्या स्टोव्हवर धरला होता. तेव्हापासून ती मध्येच संतापायची, रडायची आणि मग बसल्या जागी, उघड्या डोळ्यांनीच कुठेतरी निघून जायची. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं आहे, उतारा टाका. मी तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं, सोसवेनासं झालं की मन बाहेर पडतं. हातावर गार पाणी घाला, नावाने हाक मारा, येईल परत.

केसपेपरवर लग्नातलं नाव होतं, सुलक्षणा. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. त्या हाकेने ती आणखीच लांब जायची. ‘जया’ म्हटलं की यायची. बाई म्हणाल्या, “जिने सोसलं तिलाही हळूहळू आणा. तिला तिथेच टाकू नका.” मला रागच आला. म्हटलं, ते मेलं नाव त्याच घरात मरू दे.

त्या दुपारी नंदकुमारने दार उघडलं आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं. घरात रॉकेलचा वास कोंदला होता. स्वयंपाकघराच्या पडद्याआड स्टोव्ह फरफरत होता. आणली वाटतं दुसरी, असं माझ्या मनात आलं.

“सुलक्षणा, चहा,” तो म्हणाला.

“ओ…”

आवाज माझ्या जयाचा होता.

“तुमची बहीण सुधारली हो, ताई. तीन महिन्यांत उलट शब्द नाही.”

तो तिला न्यायला एकदाही का आला नाही, ते मला तेव्हा कळलं.

पडदा हलला. कप धरलेला डावा हात बाहेर आला. मनगटावरचा चट्टा ओला होता, आत्ताच भाजल्यासारखा.

“ताई… मला नाही का गं बोलावलंस?”

मी मोठी बहीण. मी पळाले.

घरी जया उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, गुणगुणत. सकाळीच तिच्या चट्ट्याला मी मलम लावलं होतं. मी हात ओढून पाहिला. चट्टा कुठेच नव्हता.

त्यानंतर जया कधी हरवली नाही. बाई म्हणाल्या, बरी झाली. ते दुसरं नाव मी आजवर घेतलेलं नाही. ती आली आणि जया गेली तर? फक्त मी स्टोव्ह पेटवला की जया डावा हात पदराखाली घेते आणि हळूच विचारते,

“ताई, कोण रडतंय गं…?”